मध्यम गुराब

दर वर्षी 4 डिसेंबरला, नौदल दिनाच्या दिवशी, माझ्या फोनवर मराठा आरमाराची चित्रं येऊन पडतात. शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, काकांच्या स्टेटसवर. चित्रातलं जहाज अवाढव्य असतं. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर एकावर एक चढवलेली चौकोनी शिडं, दोन्ही कुशींना तोफांच्या दोन-दोन ओळी आणि सगळ्यांत वर भगवा. हल्ली ही चित्रं एआय बनवतं, त्यामुळे लाटा फारच सुंदर असतात.

या चित्रातला भगवा तेवढा काढला की उरतं ते अठराव्या शतकातलं युरोपियन लढाऊ जहाज. अशाच जहाजांनी फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गासमोर येऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. म्हणजे आपण ज्याच्याखाली अभिमानाने चार ओळी लिहून पुढे पाठवतो, ते जहाज समोरच्याचं आहे.

मराठ्यांची जहाजं अशी नव्हती. ती अशी असू नयेत, हे लिहूनच ठेवलेलं होतं. आणि गंमत म्हणजे ते लिहिलं गेलं समुद्रापासून लांब, घाटाच्या वर, आमच्या कोल्हापूरच्या गादीच्या दरबारात.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' बहुतेकांना ऐकून माहीत असतं ते गडकोटांच्या प्रकरणामुळे. ग्रंथ 1716 च्या सुमाराचा. पंतांनी शिवाजी महाराजांच्या हाताखाली कारभार पाहिलेला होता. राजाराम महाराज जिंजीला अडकले असताना इकडचं राज्य त्यांनी सावरून धरलं. उतारवयात करवीरच्या संभाजीराजांच्या दरबारी, राजधानी अजून पन्हाळ्यावर असताना, राज्य कसं चालवावं हे त्यांनी नोंदवून ठेवलं. त्यातलं एक प्रकरण आरमाराचं आहे. छोटंसं आहे, एका बैठकीत वाचून होतं.

नोकरीत मी दर आठवड्याला कुणीतरी लिहिलेली 'रिक्वायरमेंट' वाचतो. काय हवं ते त्यात असतं, का हवं ते क्वचितच असतं. पंतांच्या प्रकरणात दोन्ही आहे. जहाज फार थोर करू नये, फार लहानही करू नये, मध्यम बेताचं करावं. गुराबही इतकी प्रचंड नको की वारा पडला की निरुपयोगी. दर सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं. सागवान तोडायचं ते परवानगीने. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना मालकाच्या राजीखुशीशिवाय हात लावायचा नाही. पावसाळ्यात आरमार कुठे ठेवायचं, लढाईत शीड-डोलकाठी गेली तर काय करायचं, शरण आलेल्या जहाजाजवळ लगेच का जायचं नाही, हे सगळं त्यात आहे.

मी अडकलो ते वाऱ्याच्या मुद्द्यापाशी. आपण गाडी घेताना जास्तीत जास्त वेग विचारतो, फोन घेताना जास्तीत जास्त मेमरी. इथे मागणी उलट्या टोकाची आहे. वारा शून्य असेल तेव्हा ही वस्तू काय करेल? कोकण किनाऱ्यावर राहिलेल्या माणसालाच हा प्रश्न आधी सुचतो.

कारण आपला समुद्र वर्षातले आठ महिने असाच वागतो. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू दर्या निवतो. मग पुढच्या पावसापर्यंत वाऱ्याचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं असतं. रात्री जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा सुटतो, तो सकाळपर्यंत टिकतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून, बहुतेक वेळा वायव्येकडून, खारा वारा येतो. या दोहोंच्या मध्ये, सकाळी उशिरा आणि रात्र पडताना, वारा मरतो. पाणी तेलासारखं दिसायला लागतं. मालवण, देवगड, हर्णै, कुठल्याही बंदरावर दिवसभर बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं. ज्याला वारा हवाच असतो तो या मधल्या तासांत जिथे असेल तिथे अडकतो. ज्याच्याकडे वल्ही आहेत त्याच्यासाठी तेच तास कामाचे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. भरतीला त्यावरून सुखाने जाता येतं, ओहोटीला मोठं जहाज तिथे बसतं. मालवणच्या बंदरात वाळूऐवजी खडक आहेत, पाण्याच्या वर थोडे आणि खाली पुष्कळ. सिंधुदुर्गाकडे नेणारा होडीवाला आजही सरळ रेषेत जात नाही. तेव्हा या किनाऱ्यासाठी नाव बांधायची तर तिचं पोट पाण्यात फार खोल जाता कामा नये. हे एकदा मान्य केलं की बाकीची रचना त्यातून निघते.

ती रचना कशी होती याचं सगळ्यांत नेटकं वर्णन, वाईट वाटून घेऊ नका, पण शत्रूपक्षाने केलेलं आहे. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज कंपनीचा इतिहासकार. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग 1763 मध्ये आला. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिताना त्याने गुराब आणि गलबत दोन्हींची अंगं नीट सांगितली आहेत. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याचा हात बारकाईने आठवतो, तसं ते आहे.

गुराब म्हणजे अरबीतला कावळा. ती दोन डोलकाठ्यांची असते, काही तीन. तीनवाली साधारण 300 टनांची, दोनवाली 150 च्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फारच थोडी बुडणारी, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. पुढचं टोक इंग्रजी जहाजासारखं फुगीर नाही, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ पुढे आलेली. नाळ अशी असली की समोरच्या लाटेत गुराब जोरात आपटते आणि पाणी वर चढतं. म्हणून नाळेवरच्या फळ्यांना कठडा ठेवतच नाहीत. वर आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जातं. कारागिराला दोष ठाऊक होता. त्याने तो झाकला नाही, पाण्याला वाट करून दिली.

या उघड्या नाळेच्या मागे लाकडी आडभिंत, तिला दोन झरोके, आणि त्यांतून नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. म्हणजे गोळा साधारण चार ते साडेपाच किलोचा. कुशींना याहून हलक्या तोफा. मुख्य हत्यार पुढे, चालण्याच्या दिशेला.

हे मला फार आवडलं. तोफ उडते तेव्हा मागे धक्का देते. कुशीतून उडवली तर तो धक्का नावेच्या रुंदीवर येतो. तो झेलायला जाड फासळ्या आणि जाड फळ्या लागतात, त्या जड होतात, आणि जड नाव पाण्यात खोल बसते. नाळेतून उडवली तर धक्का नावेच्या पूर्ण लांबीत, कण्याच्या दिशेने विरतो. हलक्या, उथळ नावेवर जरा मोठी तोफ बसवायची तर जागा तीच. कुणी गणित मांडून हे केलं असेल असं नाही. एखादी जुनी नाव कुशीत फुटली असेल, कुणी सुतार त्यातून शिकला असेल.

गलबत याहून लहान. क्वचितच 70 टनांच्या वर. दोन डोलकाठ्या, मागची अगदी छोटी. पुढच्या मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, लांब तिरक्या परबाणाला बांधलेलं. बऱ्याच गलबतांची वरची जमीन चिरलेल्या बांबूंची असायची, वजन वाचावं म्हणून. त्यांच्यावर फिरत्या खुंट्यांवरच्या छोट्या तोफा. जी जरा भक्कम असत त्यांच्यावर सहा ते आठ तोफा, दोन ते चार पौंडी. आणि 40 ते 50 वल्ही. नुसत्या वल्ह्यांवर गलबत तासाला चार मैल जायचं, असं ऑर्म सांगतो.

चार मैल म्हणजे साडेसहा किलोमीटर. रंकाळ्याभोवती संध्याकाळी जी मंडळी वजन कमी करायला झपझप चालतात त्यांचा वेग. ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करून बघू. सराईत माणूस बराच वेळ सलग काम करताना अंदाजे 100 वॅट ताकद लावू शकतो. एका वल्ह्याला एक माणूस धरला तर 50 वल्ह्यांचे पाच किलोवॅट. ॲक्टिव्हाच्या इंजिनाची ताकद साधारण याच घरातली. तेवढ्या ताकदीवर माणसांनी भरलेली, तोफा चढवलेली नाव वारा नसताना चालते, याचा अर्थ तिचं अंग पाण्याला फार कमी अडतं. आणि समोरच्या जहाजाचा वेग त्या वेळी शून्य आहे. शर्यतीत दुसरा उभाच असेल तर चार मैल पुष्कळ झाले.

वाऱ्यावरचं गणित वेगळं. बुडून चालणाऱ्या कुठल्याही नावेला स्वतःच उठवलेल्या लाटेची मर्यादा असते. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. त्या नावेचा साधारण कमाल वेग सागरी मैलांत मिळतो. 49 फुटांना सुमारे साडेनऊ, 100 फुटांना साडेतेरा. म्हणजे जोराच्या वाऱ्यात लांब जहाज छोट्याला गाठणारच, कारागीर कितीही हुशार असो. ही लांबीची करामत आहे. पण ती कमाल मर्यादा गाठायला तेवढा वारा लागतो. मंद मतलईत कुणीच तिथवर पोचत नाही. तिथे महत्त्व असतं ते नाव किती हलकी आणि तिच्या मानाने शीड किती मोठं याला. गलबताचं ते एकटं अवाढव्य शीड त्यासाठीच.

त्रिकोणी शिडाचा आणखी एक फायदा सांगतात, वाऱ्याच्या तोंडाशी जाण्याचा. चौकोनी शिडांचं त्या काळचं जहाज वारा जिथून येतो त्या दिशेशी 65-70 अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नसे. त्रिकोणी शीड त्याहून थोडं जवळ जातं. थोडंच. इथे आपल्याकडच्या लेखांत फार वाढवून सांगतात, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. शीड कितीही चांगलं असलं तरी उथळ पोटाची नाव वाऱ्याबरोबर बाजूला घसरते, तिला पाण्यात धरून ठेवणारं काही नसतं. आजच्या शिडाच्या नौकांना यासाठी खाली खोल, जड पातं असतं. गोव्यात बांधलेली नौदलाची 56 फुटी 'म्हादेई', जिच्यावर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जग फिरून आले, तिलाही आहे. गुराबेला असं पातं दिलं असतं तर ती खाडीच्या दांड्यावर अडकली असती. शिवाय परबाण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यायचं तर डोलकाठीभोवती फिरवावं लागतं, त्याला माणसं लागतात आणि वेळ लागतो. मोकळ्या समुद्रात, उलट्या वाऱ्यात, दिवसचे दिवस टिकून राहणं हे या नावेचं काम नव्हतं. इंग्रजांनी काढलेल्या चित्रांत काही गुराबांवर चौकोनी शिडंही दिसतात. म्हणजे गरजेप्रमाणे बदलही करून पाहत होते.

तर हे असं हत्यार. ते चालायचं कसं?

1679 च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी बेट धरलं आणि तटाचं काम सुरू केलं. मायनाक भंडारी त्यांचा प्रमुख. इंग्रजांनी वेढा घातला. बेटावर दाणागोटा जायचा तो थळ-नागावच्या किनाऱ्यावरून, रात्री, छोट्या नावांतून, वल्ह्यांवर. मोठी इंग्रजी जहाजं वाऱ्याची वाट पाहत नांगरून असायची आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून रसद निघून जायची. 18 ऑक्टोबरला पहाटे नागावकडून सुमारे साठ मराठी नावा एकदम बाहेर आल्या. समोर इंग्रजांची आठ. अर्ध्या तासात इंग्रजांची फळी मोडली, 'डव्ह' नावाची त्यांची गुराब मराठ्यांनी पकडली, 'रिव्हेंज' हे मोठं जहाज मात्र एकटं उभं राहून लढलं आणि त्याच्या तोफांपुढे छोट्या नावांना मागे हटावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी घडल्या. आपल्याकडे पहिली सांगतात, इंग्रजी पुस्तकांत दुसरी. इंग्रजांना बेट मात्र परत मिळालं नाही.

आंग्र्यांच्या काळात ही पद्धत पक्की झाली. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं मिळून निघायची. वारा मेला की गलबतं वल्ह्यांनी गुराबांना ओढत न्यायची आणि सावजाच्या पाठीमागे नेऊन ठेवायची. पाठीमागेच का, तर मोठ्या जहाजाच्या तोफा कुशींना असतात, मागे दोन-चारच. वारा असता तर ते वळलं असतं आणि कूस समोर आणली असती. पण वारा नाही, ते वळू शकत नाही. गुराबेची तोफ नाळेवर, म्हणजे नाव जिकडे तोंड करेल तिकडे. मग लांबूनच डोलकाठ्यांवर मारा. काठ्या पडल्या की गलबतं भोवती जमायची आणि शेकड्यांनी माणसं तलवारी घेऊन वर चढायची. डिसेंबर 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीचं 'डर्बी' हे मोठं व्यापारी जहाज असंच घेतलं, काठ्या तोडून, मागून.

'मध्यम' शब्दाचा अर्थ मला इथे कळला. मध्यम म्हणजे गलबतांना ओढता येईल एवढी. 300 टनांच्या वर गुराब गेली असती तर पन्नास वल्ह्यांना ती हलली नसती, आणि मग पाच गुराबांना पंधरा गलबतं या हिशेबालाच अर्थ राहिला नसता. एका गुराबेमागे तीन गलबतं. हे प्रमाण पंतांनी ओढण्याच्या गरजेवरून काढलं असं ग्रंथात लिहिलेलं नाही, तो माझा तर्क. पण आकडे एकमेकांना धरून आहेत.

या यंत्रणेचा तिसरा भाग किनाऱ्यावर होता: किल्ला. वारा फिरला, काठी मोडली, तर नाव ओढून किल्ल्याच्या तोफांखाली आणावी, असं पंत सांगतात. नावा हलक्या ठेवता आल्या त्या किल्ला मागे उभा होता म्हणून. आणि नेमकं तिथेच ते तुटलं.

एप्रिल 1755. कमोडोर जेम्स 44 तोफांचं 'प्रोटेक्टर' घेऊन सुवर्णदुर्गावर आला. तुळाजीचं आरमार तिथून दक्षिणेकडे पळालं, जेम्स मागे लागला. वारा मंद होता. ऑर्मने या पाठलागाचं जे लिहिलंय ते डोळ्यांसमोरून हलत नाही. आंग्र्यांच्या खलाशांनी नावा हलक्या करायला सामान समुद्रात फेकलं, होती नव्हती ती शिडं चढवली, आणि तीही पुरेनात तेव्हा अंगरखे, गोधड्या, डोक्यावरची पागोटी सोडून उंच ताणून धरली, सापडेल ती झुळूक पकडायला. नावा निसटल्या. जेम्सने पाठलाग सोडला, मागे फिरला, आणि समुद्राच्या बाजूने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ला पळू शकत नाही. तो पडला.

पुढच्या वर्षी विजयदुर्गाला नावा पळाल्या नाहीत. किल्ल्याच्या आसऱ्याला बंदरात एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. ॲडमिरल वॉटसन साठ-सत्तर तोफांची जहाजं घेऊन आला होता, खालच्या मजल्यावर गुराबेच्या तोफेच्या दुपटीहून जड गोळे फेकणाऱ्या तोफा. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती, इंग्रजांच्या बाजूने, हेही लिहायला हवं. एक तोफगोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला, ते पेटलं, आणि आग शेजारच्या नावांवर गेली. बांधणीला घेतलेली मोठी जहाजंही जळाली. तुळाजी मोठ्या जहाजांकडे वळत होता म्हणजे. उशीर झाला होता, की ती वाटच चुकीची होती? मी बरेच दिवस पहिलं उत्तर देत असे. आता मला तसं वाटत नाही. मोठं जहाज म्हणजे नुसतं लाकूड नाही. त्याला खोल बंदर लागतं, शेकडो शिकलेले गोलंदाज लागतात, ओतीव लोखंडी तोफांचे कारखाने लागतात, आणि ज्यांचे पगार वर्षानुवर्षं चुकत नाहीत असे खलाशी लागतात. तसे कारखाने नव्हते. चौथी पंतांनी मागितली होती.

पगाराचा तो भाग ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही. आरमाराचा खर्च मुलखाच्या नेमलेल्या उत्पन्नातून द्यावा, तो बंदरांच्या मिळकतीवर टाकू नये, असं आज्ञापत्र बजावतं. कारणही देतं. बंदरावर टाकलात तर सावकारांना त्रास होईल, सावकार येणार नाहीत, बंदर मोडेल. जहाजाचा आकार आणि जहाजाचा पैसा हे दोन्ही एकाच प्रकरणात, काही ओळींच्या अंतरावर आहेत. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते वेगळे नव्हते.

आता हे कुठल्या वेळी लिहिलं ते बघा. कान्होजी आंग्रे दोन-तीन वर्षांपूर्वीच, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने, ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांना मिळाले होते. त्यांच्याबरोबर मराठ्यांचं बहुतेक आरमार गेलं. म्हणजे आरमाराचं हे प्रकरण ज्या दरबारात लिहिलं गेलं, त्याच्या हातात आरमार जवळजवळ उरलेलंच नव्हतं. उरला होता सिंधुदुर्ग, मालवण आणि दक्षिणेचा किनारा. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर वेगळे झाले तेव्हा तो किनारा करवीरच्या वाट्याला राहिला. कोल्हापुरात वाढलेल्या मला शाळेत हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, की आमच्या राज्याला समुद्र होता, आणि सुमारे शंभर वर्षं होता.

पुढचं सांगायला अवघड आहे. पटवर्धन, वाडीचे सावंत, पेशवे, सगळ्यांशी भांडणं, तिजोरी रिकामी. मालवणच्या गलबतांना मुलखातून नेमून दिलेला पैसा कुठून येणार? ती व्यापारी जहाजं धरायला लागली. परवाना विकणं आणि परवान्याशिवायचं जहाज पकडणं हे पोर्तुगीजही करत होते, इंग्रजही, त्यामुळे 'चाचे' हा इंग्रजांनी मारलेला शिक्का मी जसाच्या तसा घेणार नाही. पण पंतांनी ज्या गोष्टीची भीती घातली होती ती हीच होती, आणि ती आम्हीच केली. 1765 मध्ये, जिजाबाईसाहेब कारभार पाहत असताना, मुंबईकर इंग्रजांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन (हा वेगळा वॉटसन) यांना पाठवून सिंधुदुर्ग घेतला. किल्ल्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. पुढच्या वर्षी मोठी रक्कम आणि वचनं घेऊन तो परत दिला. 1792 मध्ये पुन्हा तेच: आरमारी धमकी, तह, व्यापाऱ्यांना भरपाई. 1 ऑक्टोबर 1812 ला एल्फिन्स्टनने केलेल्या तहात करवीरने मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे सोडले आणि सशस्त्र जहाजं बाळगणार नाही असं लिहून दिलं. बदल्यात शेजाऱ्यांपासून संरक्षण मिळालं. गुराबा-गलबतांची समुद्रावर मोठी लढाई होऊन हे झालं नाही. कागदावर झालं.

त्या नावांच्या रचनेत खोट असती तर इंग्रजांनी ती उचलली नसती. त्यांच्या मुंबईच्या आरमाराने स्वतःसाठी गुराबा आणि गलबतं बांधून घेतली, याच किनाऱ्यावर फिरायला, आणि 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' म्हणून आपल्या कागदांत लिहिली. त्यांच्या मोठ्या जहाजांना ज्या खाड्यांत शिरता येत नव्हतं तिथे त्यांनाही हीच नाव लागायची. फरक एवढाच की त्यांच्या खलाशाचा पगार कंपनीच्या तिजोरीतून निघायचा.

गेल्या 4 डिसेंबरला शाळेच्या ग्रुपवर नेहमीचं चित्र आलं तेव्हा मी त्याखाली गलबताचं एक साधं रेखाचित्र टाकलं. दोन काठ्या, एक मोठं तिरकं शीड, बाजूने वल्ह्यांची रांग. खाली लिहिलं, आपलं आरमार हे असं होतं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मालवणला सासर असलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, ही मासेमारीची होडी आहे का?

मी 'नाही' असं टाइप केलं, आणि पाठवायच्या आधी खोडलं. त्या वल्ह्यांवर बसलेले बहुतेक कोळी आणि भंडारी होते. पावसाळ्यात नाव शाकारायची, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटायची, मतलईवर बाहेर पडायचं आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, हे ते आरमारात येऊन शिकले नव्हते. मी लिहिलं, 'जवळजवळ.'